पोहायचे, पण कशासाठी?

राजोडीत पाण्याला तोटा नाही. नालासोपारा किंवा विरार स्थानकातून पश्चिमेकडे निघाले की इमारती हळूहळू मागे पडतात आणि वाड्या सुरू होतात. वाड्यांत विहिरी, विहिरींच्या जोडीला बावखले, आणि वाड्या संपल्या की सुरूच्या झाडांपलीकडे थेट अरबी समुद्र. उत्तरेला नवापूर आणि अर्नाळा, दक्षिणेला कळंब. अशा गावातल्या पन्नाशीच्या गृहस्थाला ‘पोहता येतं का?’ असे विचारले, तर ‘येतं की!’ हे उत्तर ठरलेले असते. ‘शेवटचे कधी पोहलात?’ असे विचारले की मात्र तो आठवू लागतो. कुणाचे उत्तर दहावीच्या सुट्टीपर्यंत मागे जाते, कुणाचे लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यापर्यंत.

दवाखान्यात पोहण्याचा विषय निघतो तो बहुतेक वेळा वजनामुळे किंवा साखरेमुळे. रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टर ‘व्यायाम करा’ म्हणतात, आणि पुढे चालणे, सायकल, पोहणे अशी तीन नावे एका दमात घेतात. रुग्ण मान डोलावतो आणि घरी जातो. आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता बहुतेकांना पाठ आहे. ती पाळणारे किती, हे ज्याचे त्याला ठाऊक. पण वर्षानुवर्षे नियमाने पोहणाऱ्या प्रौढ माणसांना कारण विचारले, तर ‘कॅलरी’ हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच येतो. कुणी गुडघ्याचे सांगते, कुणी झोपेचे, कुणी भीतीचे, तर कुणी नुसतेच ‘बरं वाटतं’ म्हणून विषय संपवते. व्यायामाच्या सवयींवर झालेले अभ्यासही हेच सांगतात. डॉक्टरांनी घातलेल्या धाकाने सुरू झालेला व्यायाम लवकर सुटतो, आणि ज्यात माणसाला स्वतःचे काही सापडते तो टिकतो. म्हणून ही कारणे जरा तपासून पाहण्यासारखी आहेत. त्यांतली काही वैद्यकशास्त्राच्या कसोटीला चांगली उतरतात, काही अर्धी उतरतात आणि एखादे तर चक्क धोक्याचे आहे.

सर्वात खणखणीत कारण गुडघ्याचे. वाडीत काम करणाऱ्या बाईचा दिवस उकिडवे बसण्यात जातो. भाजी खुडणे, जुड्या बांधणे, फुले काढणे आणि पहाटे टोपली घेऊन गाडी गाठणे. पंचावन्नच्या आसपास गुडघा बोलू लागतो. डॉक्टर चालायला सांगतात, पण चालवत नाही. चालले नाही की मांडीचे स्नायू आणखी कमजोर होतात, आणि स्नायू कमजोर झाले की गुडघ्यावरचा भार वाढतो. हे रहाटगाडगे तोडण्याची एक सोपी जागा म्हणजे पाणी. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर येणारे वजन जवळपास निम्मे होते, छातीपर्यंतच्या पाण्यात साधारण एकतृतीयांश उरते आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात जेमतेम एकदशांश. सत्तर किलोच्या बाईच्या गुडघ्यांना तेव्हा सातेक किलोच पेलायचे असतात. शिवाय पाणी प्रत्येक हालचालीला सगळ्या बाजूंनी अडवते, त्यामुळे दणका न बसता स्नायूंना काम मिळते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सांध्यांच्या झिजेचा त्रास असलेल्या ४८ मध्यमवयीन व ज्येष्ठ व्यक्तींना त्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पोहायला किंवा स्थिर सायकल चालवायला लावले होते. दोन्ही गटांत वेदना आणि ताठरपणा कमी झाला. अभ्यास लहान आहे, पण त्यातून आलेली माहिती रोजच्या अनुभवाशी जुळते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गुडघ्यासाठी पाण्यात उतरणाऱ्याला पोहता यायलाच हवे असे नाही. छातीइतक्या पाण्यात कठड्याला धरून वीस मिनिटे पुढे-मागे चालणे, पाय बाजूला नेणे, टाचा उचलणे एवढ्यानेही काम होते. आणि पोहता येत असेल, तर बेडकासारखे पाय झाडत पोहण्याची जी पद्धत आपल्याकडे बहुतेकांना येते, ती दुखऱ्या गुडघ्याला मानवेलच असे नाही. त्या लाथेत गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. अशांनी पाय सरळ ठेवून वर-खाली मारावेत, किंवा उताणे पोहावे.

विहिरीत किंवा बावखलात शिकलेल्या माणसाची आणखी एक खूण असते. तो मान पाण्याबाहेर ठेवून पोहतो. पाणी गढूळ, डोळ्यांना गॉगल नाही, समोरून कोण उडी टाकतोय ते पाहायचे, त्यामुळे तीच सवय लागलेली. विसाव्या वर्षी याने काही बिघडत नाही. पन्नाशीनंतर याच सवयीने मानेचे मणके दुखतात, कंबर आत वळते, आणि माणूस म्हणतो, ‘पोहून पाठ धरली.’ तोंड पाण्यात घालून, पाण्यातच श्वास सोडून, मान वळवून श्वास घ्यायला शिकणे हा त्यावरचा उपाय. चाळीस वर्षे पोहणाऱ्यालाही हे नव्याने शिकावे लागते, आणि तेवढ्यासाठी एखाद्या पोरसवदा प्रशिक्षकापुढे उभे राहायचा कमीपणा वाटतो. तो वाटू देऊ नये.

दुसरे कारण या पट्ट्यातच जास्त ऐकू येईल असे आहे. विरार लोकलने रोज चर्चगेटला जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाच्या अंगाला दिवसभर कुणा ना कुणाचा खांदा लागलेला असतो. पाण्यात कुणी अंगाला लागत नाही. फोन वाजत नाही. वाजला तरी तो बाहेर पिशवीत असतो. अर्धा तास कानांत फक्त पाण्याचा आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज. हे सुख म्हणून ठीकच, पण त्यामागे शरीरशास्त्रही आहे. चेहरा थंड पाण्यात गेला आणि श्वास रोखला की नाडी आपोआप मंदावते. सील, देवमासे यांच्यात जी प्रतिक्रिया फार प्रबळ असते, तिचाच हा माणसात उरलेला अंश. लयीत पोहताना उच्छ्वास लांबतो आणि श्वास मोजूनमापून घ्यावा लागतो. प्राणायामाच्या वर्गात जे सांगून होत नाही, ते पाणी सक्तीने करून घेते. ‘ज्या दिवशी पोहतो त्या रात्री झोप लागते’, असे सांगणारे खोटे बोलत नसतात.

मात्र इथे थोडे सावध असावे. नियमित व्यायामाने सौम्य आणि मध्यम नैराश्यात फरक पडतो याला चांगला आधार आहे, पण पोहण्यालाच म्हणून काही वेगळी जादू आहे याचा पुरावा तोकडा आहे. युरोपात बर्फाळ पाण्यात डुबक्या मारण्याची जी हवा सध्या आहे, तिचे व्हिडिओ पाहून इथे कुणी काही ठरवू नये. आपला समुद्र वर्षभर कोमटच असतो. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या पोहणे सुरू केले म्हणून बंद करायच्या नाहीत, हे तर सांगायलाच हवे.

रक्तदाबाचे कारण घेऊन पोहणारेही आहेत आणि त्यांची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. ऑस्टिनच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेले ४३ जण होते. ज्यांनी १२ आठवडे नियमाने पोहणे केले त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १३१ वरून १२२ वर आला. नऊ अंक हा आकडा किरकोळ नाही; एखाद्या गोळीने साधावा इतका तो आहे. पण गोळी चालू असलेल्याने ती डॉक्टरांना विचारूनच कमी करावी.

वजनासाठी येणाऱ्यांची मात्र अनेकदा निराशा होते. पोहण्यात ऊर्जा भरपूर खर्च होते, यात शंका नाही. पण पाण्यातून बाहेर आल्यावर जी भूक लागते तीही तितकीच दांडगी, आणि तलावाच्या दाराशी वडापावची गाडी उभीच असते. शिवाय ज्याला पोहणे सफाईने जमते तो कमी श्रमात जास्त अंतर कापतो. म्हणजे जितके चांगले पोहाल तितकी तेवढ्याच अंतराला कमी ऊर्जा जळते. आणखी एक मुद्दा पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी. हाडे मजबूत राहण्यासाठी त्यांच्यावर वजन पडावे लागते. पाणी तेच काढून घेते. सांध्यांना जे सुखावह, ते हाडांच्या उपयोगाचे नाही. अशा स्त्रियांनी पोहण्याच्या जोडीला रोज थोडे चालणे, जिने चढणे किंवा हलकी वजने उचलणे ठेवावे.

आता आजारातून उठलेल्यांचे कारण. याचे महाराष्ट्रातले सर्वात ठळक उदाहरण म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान मुळात मुष्टियोद्धा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे बळ गेले. पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते उपचार म्हणून. पुढे १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ते भारताचे पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पदकाची गोष्ट सगळे सांगतात, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण पुनर्वसनाच्या दृष्टीने त्याआधीचा काळ अधिक महत्त्वाचा. जमिनीवर ज्या शरीराला कुणीतरी उचलून ठेवावे लागते, ते पाण्यात स्वतःच्या मर्जीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. पक्षाघात झालेल्या, अपघातात पाय गमावलेल्या किंवा पोलिओने एक पाय बारीक राहिलेल्या माणसाला पाणी प्रिय का होते, ते यावरून कळावे. पाण्यात गेल्यावर त्याचे लंगडणे दिसत नाही. हे कारण रुग्णाच्या केस पेपरवर लिहायला जागा नसते, पण त्याच्यासाठी तेच पहिले असते.

हृदयविकारातून उठलेल्यांनी मात्र घाई करू नये. गळ्यापर्यंत पाण्यात गेले की पाण्याच्या दाबाने पाय आणि पोटातले सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे ढकलले जाते. हृदयाला ते सगळे फेकावे लागते. (पाण्यात थोडा वेळ थांबल्यावर लघवीला का लागते, याचेही कारण हेच. जास्त आलेले रक्त पाहून शरीराला वाटते की पाणी जास्त झाले, आणि मूत्रपिंडांना ते काढून टाकण्याचा निरोप जातो.) निरोगी हृदय हे सहज करते. हृदयाची पंपिंग क्षमता कमी असलेल्या रुग्णाला ते झेपेल का, हे त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचे. फिट येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात उतरूच नये. इन्सुलिन किंवा साखर चटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी काही खाऊन जावे आणि काठावर साखर ठेवावी. साखर उतरल्याचा घाम पाण्यात कळत नाही.

भीतीचे कारण घेऊन येणारे प्रौढ संख्येने कमी, पण सर्वात चिकाटीचे. यांत बायका जास्त असतात. जुन्या घरांत मुलग्याला कमरेला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडत. केळीच्या खुंटांची सांगडही असे. काका-मामा काठावर उभे राहून आरडाओरडा करत आणि आठ दिवसांत पोरगा तरंगू लागे. त्याच विहिरीच्या काठावर त्याची बहीण कपडे धुवत असे. पाण्याशी रोजचा संबंध तिचा जास्त, पण पोहणे मात्र त्याला आले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे ठप्प झाली, मिठागरांत माणसे अडकली, तेव्हा कित्येक घरांत गळ्याशी आलेल्या पाण्यात उभे राहून ‘आपल्याला पोहता येत नाही’ याची जाणीव पहिल्यांदा झाली असेल. कुणी स्वतःच्या मुलाला तलावावर शिकवणीला नेते, तासन्‌तास काठावर बसते, आणि एक दिवस ठरवते की पोर बुडायला लागले तर आपण नुसते ओरडणारच का?

या भीतीला आकड्यांचा आधार आहे. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या नोंदीत बुडून मृत्यू पावलेल्यांची संख्या ३८ हजारांवर आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिवस ठरवला आहे. आपल्याकडे त्या दिवशी समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर सहलीला आलेली गर्दीही असते.

बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा हात हलवून ‘वाचवा’ म्हणत नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तोच त्याच्याकडे नसतो. तो पाण्यात उभा होतो, हात दाबून तोंड वर काढायची धडपड करतो, आणि बऱ्याचदा मिनिटाभरातच शांतपणे खाली जातो. बाजूच्या माणसाला वाटते, पोहतोय. म्हणून प्रौढांना शिकवताना पहिला धडा पुढे जाण्याचा नसून थांबण्याचा असतो. छाती भरून श्वास घ्यायचा, डोके मागे टाकायचे, कान पाण्यात जाऊ द्यायचे आणि उताणे पडून राहायचे. हे येणाऱ्याला मदत पोहोचेपर्यंत वेळ मिळतो. लहान मूल हे दोन दिवसांत शिकते. पन्नाशीच्या बाईला कधी दोन आठवडे लागतात, कारण मान मागे टाकायला पाण्यावर विश्वास ठेवावा लागतो. ती ज्या दिवशी प्रशिक्षकाचा हात पाठीखालून काढू देते, त्या दिवसानंतर सहसा कधी रजा घेत नाही.

आता धोक्याचे कारण. ‘मला पोहता येतं’ हेच ते. पोहण्याचे कसब एकदा मेंदूत बसले की सहसा जात नाही. सायकल चालवण्यासारखेच ते लहान मेंदू आणि त्याच्या सोबतीच्या भागांत मुरलेले असते. पण कसब राहते म्हणून दम राहतो असे नाही. सतराव्या वर्षी बावखल चार वेळा ओलांडणारा मुलगा आज बावन्न वर्षांचा आहे, त्याचे पोट सुटले आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि रविवारी पाहुण्यांना घेऊन तो राजोडीच्या किनाऱ्यावर उभा आहे. हाताला आठवते ते सतराव्या वर्षाचे, हृदयाचे वय मात्र बावन्न. त्यात पाहुणचाराचे दोन पेग झाले असतील, तर बोलायलाच नको. दारूने अंदाज चुकतो, अंगाची ऊब लवकर जाते, आणि भीती वाटायची ती वाटत नाही.

शिवाय बावखल वेगळे आणि समुद्र वेगळा. बावखलातले पाणी जागच्या जागी असते. राजोडीचा किनारा सपाट दिसतो. ओहोटीला पाणी दूर जाते आणि माणसे त्याच्यामागे चालत जातात. भरती परत येते तेव्हा ती सरळ रेषेत येत नाही. मधल्या सखल पट्ट्यांत आधी भरते आणि पुढे गेलेल्या माणसाच्या मागे पाणी होते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी काही जागी अरुंद पट्ट्यातून जोराने परत समुद्राकडे जाते. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसते, तीच जागा बऱ्याचदा ती असते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दमून जातो. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर बाजूला जावे आणि ओढ संपली की मग आत वळावे. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचेच नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत मच्छीमारही होडी काढायला बघत नाहीत, त्या दिवसांत पर्यटकाने लाटांत शिरण्याचे कारण नाही.

मग राजोडीच्या माणसाने नियमाने पोहायचे तरी कुठे? सगळी कारणे येऊन या प्रश्नापाशी अडतात. एकेकाळी उत्तर सोपे होते. वसईच्या किनारपट्टीतल्या वाड्यांना शिंपण्यासाठी खोदलेली ही बावखले पावसाचे पाणी धरून ठेवत, रहाटाने ते पाटात जाई, आणि गोड्या पाण्याचा साठा समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नसे. संध्याकाळी कामावरून आलेला माणूस त्याच पाण्यात अंग धुवायला उतरे आणि चार हात मारून बाहेर येई. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हते. मग टँकरने पाणी उपसले जाऊ लागले, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. १९८० च्या दशकाअखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लढा उभारला. बरीच बावखले तरीही गेली. काही बुजवून वर इमारती आल्या, काही जलपर्णीने झाकली, काहींत सांडपाणी शिरले. बावखल वाचवण्याची मोहीम वसईत पर्यावरणाच्या अंगाने चालते, आणि ते योग्यच आहे. पण एक बावखल बुजते तेव्हा त्या आळीतल्या वीस-पंचवीस प्रौढ माणसांचा रोजचा व्यायामही बंद होतो, हे आरोग्याच्या हिशेबात कुणी धरलेले नाही.

त्याचा अर्थ उरलेल्या बावखलात उद्यापासून उड्या माराव्यात असा नव्हे. पावसाळ्यात आणि पूर ओसरल्यावर साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, आणि पायावरची छोटी जखमही त्यांना पुरते. अशा पाण्यात गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वर करणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले. हा आजार अत्यंत विरळा, पण जवळजवळ नेहमी जीवघेणा. उबदार, साचलेले गोडे पाणी जोराने नाकात गेले तर तो होतो, पिण्यातून नाही. गाळ उपसलेले, पाणी खेळते असलेले आणि सांडपाण्यापासून राखलेले बावखल ही वेगळी गोष्ट, आणि तशी राखायची तर गावानेच राखायला हवीत.

उरतात ते तलाव. राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या रिसॉर्टमध्ये तलाव आहेत, पण ते गाणी लावून पाण्यात उभे राहण्यासाठी. पाणी कमरेपर्यंत, आकार वेडावाकडा, आणि रविवारी माणसाला माणूस लागलेला. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी हेच तलाव रिकामे असतात. मासिक फी घेऊन त्या वेळी स्थानिक प्रौढांना, विशेषतः बायकांना, दोन तास दिले तर मालकांचे फारसे काही जाणार नाही. गुडघ्यांच्या व्यायामाला तर कमरेपासून छातीपर्यंतचे पाणीच हवे. तलाव निवडताना पाण्याचा वास पाहावा. नाकाला झोंबणारा वास म्हणजे क्लोरीन भरपूर आहे, असे लोक समजतात. खरे तर तो वास क्लोरीनची घाम आणि लघवीशी गाठ पडून झालेल्या क्लोरामाइनचा असतो; डोळेही त्यानेच चुरचुरतात. नीट राखलेल्या तलावात मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ असतो, आणि त्याला फारसा वास येत नाही. पाण्याची ही मोजणी रोज होते का, हे विचारण्यात संकोच नको. उतरण्याआधी साबणाने आंघोळ करावी, ती स्वतःसाठी नसून इतरांसाठी असते.

बायकांच्या बॅचची वेळ हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. सकाळी सहाची बॅच कागदावर सर्वांसाठी खुली असते, पण त्या वेळी घरात डबे भरायचे असतात. दुपारी बाराला बॅच ठेवली तर मेच्या उन्हात उघड्या तलावात कातडी भाजते. सकाळी दहा ते अकरा किंवा दुपारी चारनंतर, बाई प्रशिक्षक, अंगभर पोशाखाला हरकत नाही आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली, एवढे असले की पन्नाशीच्या बायका येतात. पोशाख नायलॉनसारख्या पाणी न धरणाऱ्या कापडाचा असावा. सुती पंजाबी ड्रेस भिजला की जड होतो आणि पायांत येतो. पहिल्या दिवशी कठडा धरून तोंडाने पाण्यात बुडबुडे सोडायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान पाण्यात. पोहून झाल्यावर कानात काडी घालायची नाही. डोके एका बाजूला कलते करून पाणी निथळू द्यायचे, आणि कानाच्या पडद्याला भोक असेल तर कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तलावाच्या आसपासही फिरकायचे नाही.